भावोजींनी लावलेलं बटण

आमच्या मॅनेजरच्या लेखी ब्रेक म्हणजे पायाखालचा एक लोखंडी तुकडा. दोन हजार चौदाच्या सुमाराची गोष्ट. ओमानमध्ये रुसैलला मी एका गॅरेजात ऑटो-इलेक्ट्रिशियन होतो आणि अर्बाबने, म्हणजे आमच्या अरब मालकाने, वाळवंटातल्या पर्यटकांच्या कॅम्पसाठी एक जुनी, अवजड कॅराव्हॅन घेतली होती. चाकांवरची खोलीच ती: पलंग, मोरी, शेगडी, सगळं आत. पिकअपच्या मागे जोडून ती ओढायची. तिच्या चाकांना स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक होते, पण त्यांना 'आता लागा' असं सांगणारा डबा पिकअपमध्ये, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी बसवायचा होता. तो निवडायचं काम माझं.

माझं, पण मॅनेजरने परस्पर एक डबा आणून माझ्या टेबलावर आपटला. ठरलेल्या वेळेवर चालणारा. ड्रायव्हर ब्रेक हळू दाबो की जिवाच्या आकांताने, हा आपला त्याच संथ चालीने करंट वाढवत बसणार. मला हवा होता तो दुसरा, गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतोय ते ओळखून तेवढाच जोर मागे पाठवणारा.

"अहो, ब्रेक म्हणजे ब्रेक. सगळे हाच लावतात," मॅनेजर म्हणाला.

"सगळे डोंगर उतरून जात नाहीत," मी म्हटलं.

तो हसला. माणूस आपल्याच मुलखातला, पण हसण्याची तऱ्हा अशी की ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी.

आणि ती गाडी चालवणार कोण, तर माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा, एकुलता भाऊ. गुहागरला जीप चालवायचा; माझ्या शब्दावर इथे आला. निघताना सासूबाईंनी त्याचा हात माझ्या हातात दिला होता, लग्नात मुलीचा देतात तसा. त्या पोराच्या पाठीमागे एवढं धूड लावायचं आणि ब्रेक असला?

मी तडक अर्बाबकडे गेलो आणि सांगितलं, हा डबा मी माझ्या हाताने लावणार नाही. मॅनेजर मागोमाग आलाच. अर्बाबने दोघांचं ऐकलं आणि म्हणाला, "माणूस तुझा, तर निवड तुझी. यल्ला, लाग कामाला." मॅनेजरने पुढे कितीतरी दिवस माझ्याशी अबोला धरला. बरंच झालं.

चांगला डबा आला, मी तो बसवला. पण मागे वजन किती आहे, हे त्या डब्यालाही कोणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी पुढे एक बटण असतं. जास्त फिरवलं तर मागची चाकं जाम होतात, कमी फिरवलं तर कॅराव्हॅन पिकअपला ढकलत राहते. रिकामी कॅराव्हॅन रुसैलच्या रस्त्यांवर फिरवून मी बटण लावून दिलं आणि मेव्हण्याला बजावलं, "पाण्याची टाकी भरलीस, गालिचे-सिलिंडर चढवलेस, की वजन वाढेल. तेव्हा बटण थोडं पुढे घे. कळलं?"

"हो, भावोजी."

मग तो आला की मी विचारायचो, ब्रेक कसा लागतोय? "एक नंबर, भावोजी." ढकलते का? "छे छे." दसऱ्याला त्याने त्या डब्याला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आणि एका दुपारी त्याचा फोन आला. डोंगरातल्या उतारावर कॅराव्हॅनने पिकअपला असं रेटलं की काही केल्या थांबेना. अशा उतारांवर कडेला जाड खडीची चढती वाट ठेवलेली असते, सुटलेली गाडी शिरवायला. तिच्यात घुसून हा वाचला. मी पोचलो तेव्हा कडेला उभा होता, अंगावर ओरखडा नाही, तोंड मात्र धुळीने पांढरंफटक. मी आधी डबा पाहिला. बटण केसभरही हललेलं नव्हतं.

"हात लावला नाहीस?"

"तुम्ही लावलेलं होतं, भावोजी."

"आणि ढकलत कधीपासून होती?"

"पहिल्या फेरीपासून."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी अर्बाबपर्यंत गेलात. तुमच्या कामात मी खोट काढू? ताई काय म्हणेल?"

असा संताप मला आयुष्यात आला नव्हता. मॅनेजरवर चिडणं सोपं होतं, पण ह्या आदराचं काय करायचं? आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याने रात्रीला दिवस म्हटलं तरी धाकटा मेव्हणा डोळ्यांवर हात धरून 'ऊन फार आहे' म्हणतो. लग्नाच्या पंगतीत शोभतं ते. उतारावर माणूस मरतो त्याने! मी हे सगळं त्याला शिव्या घालत सांगितलं, जाणारे ट्रकवाले वळून बघेपर्यंत.

क्रेनने गाडी खडीतून काढली आणि आम्हाला हळूहळू खालच्या सपाट रस्त्यावर आणून सोडलं. मी त्याच्या शेजारी बसलो. बटण जरा पुढे घेतलं आणि म्हटलं, "दाब ब्रेक. कसा आहे सांग."

"ठीक वाटतो, भावोजी."

अजून जरा पुढे घेतलं. "आता?"

"बरा आहे."

"बरा म्हणजे काय? उद्या तुझ्या ताईला काय सांगू, ब्रेक बरा होता?"

तेव्हा तो फुटला. स्टेअरिंगवर हात आपटून ओरडला, "नाहीये बरा! ढकलतेय अजून! इथे मी बसलोय, तुम्ही नाही! घ्या ना पुढे!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यावर त्याने कधी आवाज चढवला नव्हता. माझ्यातला भावोजी असा चवताळला की थोबाडीतच देणार होतो. दात-ओठ खात बटण पुढे घेतलं.

"अजून," तो म्हणाला. मी घेतलं. त्याने ब्रेक दाबला, मागची चाकं किंचाळली. "जास्त झालं. मागे घ्या." मी घेतलं. मग त्याने गाडी बाजूला उभी केली.

"भावोजी, उतरा तुम्ही. तुम्ही शेजारी असलात की मला नीट कळत नाही."

मी उतरलो. रागाने दार आपटलं, आणि तो एकटा ब्रेक मारत, एका हाताने बटण फिरवत दूर जात होता, तिकडे बघत उन्हात उभा राहिलो.