चुकीसकट शिफारस

इंग्लंडमधल्या स्लाऊला आल्यावर दुसऱ्या वर्षी बायकोने डॉक्टरांच्या प्रशिक्षणाच्या जागेसाठी अर्ज केला. व्हिसा जुलैअखेर संपत होता. जागा मिळाली नसती तर आम्ही दोघं नागपूरला परतणार होतो. अर्जात शिफारस करणाऱ्या दोन वरिष्ठ डॉक्टरांची नावं द्यायची होती.

पहिलं नाव तिच्या नागपूरच्या सरांचं. तिने त्यांना फोन केला.

"अगं, तूच लिहून पाठव, मी सही करतो. आणि लाजू नकोस, भरपूर लिही!"

आमच्याकडे ही रीतच होती. मी नागपुरात वर्तमानपत्राच्या डेस्कवर नऊ वर्षं काढली होती, म्हणून मजकूर मी लिहिला. सरांनी त्याच दिवशी सही करून तो फॅक्स केला.

दुसऱ्या नावासाठी दोन पर्याय होते. वॉटफर्डच्या इस्पितळातल्या एका कन्सल्टंटनी, म्हणजे तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांनी, तिचं काम तीन आठवडे पाहिलं होतं. ते सगळ्यांबद्दल चांगलंच लिहीत. दुसऱ्या, ती तेव्हा काम करत होती त्या वॉर्डच्या कन्सल्टंट बाई. त्यांच्या हाताखाली तिचे सहा महिने झाले होते. तिला त्याच हव्या होत्या. तिने सवयीने माझ्याकडून आणखी एक पत्र लिहून घेतलं आणि सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवलं. पुढचं संभाषण तिने संध्याकाळी मला जसंच्या तसं सांगितलं.

"हे कुणी लिहिलं?"

"माझ्या नवऱ्याने."

"तो डॉक्टर आहे?"

"नाही, पत्रकार."

"मग त्याने तुला वॉर्डात कधी पाहिलं?"

तिने पत्र परत घेतलं. बाई म्हणाल्या, "पत्र मी लिहीन. तुला दाखवणार नाही. पेनिसिलिनचं प्रकरणही त्यात येईल. चालणार असेल तर उद्या दुपारपर्यंत सांग."

ॲलर्जी असलेल्या एका रुग्णाला बायकोने पेनिसिलिन लिहून दिलं होतं. पहिल्या डोसनंतर त्याच्या अंगावर पुरळ उठलं आणि दोन दिवसांनी गेलं.

"वॉटफर्डच्यांचं नाव दे," मी म्हणालो. "शिफारसपत्रात कुणी चुका लिहितं का?"

"तू तिकडे बातम्या लिहायचास की जाहिराती?"

"जुलैत आपल्याला जावं लागेल, कळतंय ना?"

"वॉटफर्डचे सर मला रस्त्यात भेटले तर ओळखणारही नाहीत. त्यांनी काय लिहायचं?"

सकाळी वॉर्डात जाऊन तिने बाईंना होकार दिला.

मुलाखत वीस मिनिटांची होती. त्यातली दहा पेनिसिलिनवर गेली. तीन परीक्षकांपैकी एकाने विचारलं, "तुमच्या कन्सल्टंट लिहितात, औषध थांबवल्यावर चूक कुणाची हे तुम्ही आधी रुग्णाला सांगितलंत, मग त्यांना. असं का?"

"पुरळ रुग्णाला उठलं होतं," ती म्हणाली.

दोन आठवड्यांनी जागा मिळाल्याचं पत्र आलं आणि आम्ही इंग्लंडमध्येच राहिलो.

सरांचे आभार मी फोनवर मानले. न वाचता सही करण्याइतका त्यांचा तिच्यावर विश्वास होता. बाईंना मी कधी भेटलो नाही, त्यांचं पत्रही पाहिलं नाही. दुसऱ्या देशातून आलेल्या एका ज्युनिअरकडे त्यांनी सहा महिने नीट लक्ष दिलं होतं, हे मात्र मला माहीत आहे. बायको राउंडच्या वेळी त्यांचे आभार मानायला गेली.

"मी पाहिलं ते लिहिलं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बेडकडे वळल्या.