कोरडं डोकं

डोक्याला तेल लावायचं नाही, एवढंच सांगितलं होतं. आदल्या दिवशी शांपूने केस धुवायचे आणि यायच्या दिवशी तेलाचा थेंबही लावायचा नाही. यात न समजण्यासारखं काय आहे, हे मला आजही कळलेलं नाही. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, आमच्या वाडीतली पहिली. महाडच्या एमआयडीसीत लॅबमध्ये काम करते. नव्याने लागलेल्या मुलांना याच्या कितीतरी पट अवघड गोष्टी मी समजावते, आणि त्यांना त्या समजतात. पण माझ्या आईपुढे माझी पदवी काडीच्या कामाची नाही.

डोकं बाबांचं होतं. आमची वाडी कुडपणच्या अंगाला, पोलादपूरहून चढून वर. दिवाळी सरली, भात घरात आलं, आणि एका दुपारी बाबा बैलांची जोडी घेऊन वरच्या सड्यावरून, कातळाच्या माळावरून, परतत असताना बिबट्याने डाव्या बैलावर झडप घातली. बाबांनी दगड मारले, काठी मारली, घसा बसेपर्यंत ओरडले. बिबट्या गेला, पण बैल उठला नाही. उजवा बैल रान तुडवत पळाला तो दिवस मावळताना आपला आपण गोठ्यात येऊन उभा राहिला.

तेव्हापासून बाबांची झोप गेली. ताटावर झाकण पडलं तरी दचकायचे. जेवताना दाराकडे तोंड करून बसायचे. त्या दुपारबद्दल मात्र एक शब्द काढायचे नाहीत. विचारलं तर उठून जायचे. उरलेला बैलही बिघडला होता. जू खांद्याजवळ आणलं की मागे सरायचा, लाथ उगारायचा. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, म्हणाले की विकून टाकू, घाटावरचा व्यापारी उन्हाळ्यात येणारच आहे. बाबा लगेच हो म्हणाले. मी त्या वेळी घरीच होते.

"भ्यालेला बैल कामाचा नाय," ते म्हणाले. "भ्यालेला मानूस पन नाय."

बैल विकायचा, शेत काकांना कसायला द्यायचं आणि आपण पडवीत बसून राहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पंचावन्नही पुरती न झालेल्या माणसाने. मला बैलाचं सोडा, त्या वाक्याचा राग आला होता.

भगत झाला, अंगारा झाला. मग मी त्यांना महाडला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या बाबांनी घेतल्याच नाहीत. विचारलं तर म्हणाले, गोळी घेऊन मी झोपलो आणि वाघ आला तर गुरांकडे कोण बघणार? तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं की एका मेडिकलच्या दुकानावर माडीत न्यूरोफीडबॅकचं सेंटर निघालंय, पुण्याहून एक मॅडम येतात, बघा करून.

मॅडम मला आवडल्या, कारण त्या सरळ बोलल्या. ही जादू नाही, म्हणाल्या. काहींना गुण येतो, काहींना नाही, आणि डॉक्टरांच्या गोळ्या यामुळे बंद करायच्या नाहीत. डोक्यावर पेस्ट लावून सेन्सर चिकटवायचे, कानाला चिमटा लावायचा, त्यांच्या वायरी यंत्राला. समोर पडद्यावर नदी आणि होडी. मेंदू निवांत असला की होडी पुढे जाते, ताणला की थांबते. होडीकडे बघत बघत मेंदू आपला आपण निवांत व्हायला शिकतो. एवढं साधं आहे. मला एका झटक्यात कळलं.

आमच्याकडे डॉक्टरकडे एकटं कुणी जात नाही. एकट्याला पाठवलं तर घरच्यांनी वाऱ्यावर सोडलं असं दिसतं. त्यामुळे पहिल्या दिवशी पोलादपूरहून मिनीडोर रिक्षामध्ये बाबा, आई, काका आणि मी, असे चौघं. त्यांना उतरवून घ्यायला मी मुद्दाम पोलादपूरला गेले होते. वाटेत मी नको ते बोलून बसले. हा प्रकार काही ठिकाणी घोड्यांवर आणि कुत्र्यांवरही करून बघतायत असं मी मोबाइलवर वाचलं होतं, ते सांगितलं. झालं. काका सावरून बसले.

"मग बैलाला पन आनू," ते म्हणाले. "दादा आनि बैल एकाच दिवशी भ्याले. एका फेरीत दोघांचं होईल."

मी म्हटलं, काका, तो जिना चढेल का? तर म्हणाले, मॅडमला वर वाडीत बोलवायचं. आणि ड्रायव्हरने मान डोलावली, जणू त्यालाही विचारलं होतं.

सेंटरमध्ये मॅडमनी बाबांच्या डोक्याला हात लावला आणि काढून घेतला. आईने त्यांना घराबाहेर पडताना चापून तेल लावलं होतं. पेस्ट बसेना, सेन्सर घसरून कानावर येत होते. पुसून पुसून कसेबसे लावले, तर पडद्यावरची रेघ वाऱ्यातल्या गवतासारखी नुसती हलत होती. तेलामुळे मेंदूचं काहीच नीट येत नाही, मॅडम म्हणाल्या. त्यातून होडी दोनदा हलली तेवढ्यात बाबांनी खुर्चीचे दांडे आवळले आणि दातओठ खाऊन पडद्याकडे बघू लागले. होडी थांबली. मी म्हटलं, बाबा, जोर लावू नका. तर वैतागून म्हणाले, जोर नाय लावायचा तर आपोआप काय होतं जगात? काका मागून सांगत होते, दादा, डाव्या अंगानं घे.

आईला मी तिथेच बजावलं, पुढच्या खेपेला तेल नाही. तिने मान हलवली. आईची मान हलली म्हणजे तिने ऐकलं, एवढाच अर्थ होतो.

पुढच्या खेपेला मी उपाय काढला. त्यांना सेंटरआधी महाडच्या पुढे सव गावी नेलं, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर बाबांना शांपू लावून आंघोळ घातली. केस कोरडे खडखडीत. मी पाणी प्यायला म्हणून वळले. परत बघते तर आईने पिशवीतून बाटली काढून त्यांच्या टाळूवर हात फिरवलाही होता. आंघोळीनंतर तेल लावायचं नाही म्हणजे काय, असं उलट मलाच विचारलं. मी त्या दिवशी सेंटरला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं आणि त्यांच्याशी न बोलता त्यांना गाडीत बसवून दिलं.

तिसऱ्या खेपेआधी मी रजा टाकून स्वतः वर वाडीत मुक्कामाला गेले. बाबांचं डोकं धुतलं आणि तेलाची बाटली भाताच्या कणगीत पुरली. सकाळी आईने सगळं घर धुंडाळलं. मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"गो, सुतक हाय का आपल्या घरात?" ती म्हणाली. "बिनतेलाचा मानूस मी वेशीबाहेर कसा काढू?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे घरात कुणी गेलं की तेल बंद. बाकी कोणत्याही दिवशी कोरड्या डोक्याने गावाबाहेर पडलं की बघणारा समजतो, यांच्यात कुणीतरी मेलं. ते अभद्र. हे मलाही ठाऊक होतं, लहानपणापासून. पण महाडात राहून शांपूने धुतलेले केस मोकळे सोडायची सवय लागली की असल्या गोष्टी लक्षात कुठे राहतात? आईला इतके दिवस ते सांगता आलं नाही आणि मी विचारलंही नाही. तरी मी बाटली काढून दिली नाही. खूप झालं होतं.

वाडीतून निघताना वाटेवर शेवटचं घर एका म्हातारीचं. बाबा तिला काकी म्हणतात. ती उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने बाबांच्या डोक्याकडे पाहिलं, सूप खाली ठेवलं.

"कोन गेला रे?"

आईने कपाळाला हात लावला. काका पुढे होऊन सांगायला निघाले की कुणी नाही, ती डोक्याची मशीन आहे, त्याला तेल चालत नाही. पण बाबा थांबले होते.

"बैल गेला माझा," ते म्हणाले.

कुणी हसेल असं मला वाटलं. बैल जाऊन तीन महिने होत आले होते, वाडीतल्या पोराटोरांना ठाऊक होतं. पण म्हातारी उठली आणि वाटेवर आली.

"व्हय रे," ती म्हणाली. "गुनाचा होता."

मग बाबा बोलायला लागले. उभ्याउभ्या. तो कसा पडला, मान कशी वळवून त्यांच्याकडे बघत होता, उजवा पळाला तेव्हा दावं हातातून कसं निसटलं, आणि धरून ठेवलं असतं तर तोही गेला असता, हे त्यांनी स्वतःच म्हटलं. जनावराचं सुतक कुणी धरत नाही. त्याला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे कामाला लागले, त्यांनाही लागायला सांगितलं. त्यात मीही होतेच की. आई पदर तोंडाला लावून ऐकत होती. आमची पहिली गाडी चुकली.

सेंटरला पोचलो ते उशिरा. डोकं कोरडं, सेन्सर एका दमात बसले, मॅडम खूश. आणि खुर्चीत बसल्यावर बाबांच्या डोळ्यांना धार लागली. रडताना चेहऱ्याचे स्नायू हलतात, मग यंत्राला मेंदूचं काही वेगळं काढता येत नाही, असं मॅडमनी सांगितलं आणि शांतपणे पडदा बंद केला. इतक्या खटाटोपानंतर ज्या दिवशी डोकं तयार होतं, त्या दिवशी होडी जागची हलली नाही. मॅडम त्यांच्याशेजारी नुसत्या बसून राहिल्या.

परत जाताना मिनीडोरमध्ये बाबा काकांच्या खांद्यावर झोपले. पोलादपूरपर्यंत. काका आखडून बसले होते, माशी आली तरी खांदा हलवला नाही.

त्यानंतर बाबांनीच आईला सांगितलं, अजून काही दिवस तेल नको. तिने ऐकलं. माझ्या सांगण्याने जे झालं नाही ते त्यांच्या एका वाक्याने झालं. असो. नंतरच्या खेपांना होडी थोडी थोडी चालायला लागली. डॉक्टरांची गोळीही आता ते घेतात, दार काकांनी राखायचं या अटीवर. झोप सलग नाही, पण आहे. गुण कशाचा म्हणून विचाराल तर वाडीत चार मतं आहेत आणि मला कुणी विचारत नाही.

व्यापारी यायच्या आदल्या दिवशी मी घरी होते. बाबांनी आईकडे बाटली मागितली. पडवीत बसून स्वतःच्या हाताने डोक्याला तेल लावलं, सावकाश, कानामागेसुद्धा. मग तेलकट हात घेऊन गोठ्यात गेले आणि तो बैलाच्या शिंगांना पुसला, उरलेलं तेल खांद्यावर, जू बसतं तिथे. बैल मागे सरला. बाबा तिथेच उभे राहिले. थोड्या वेळाने बैलाने परत मान पुढे केली.

"उद्या त्याला येऊ नको म्हनून सांग," ते काकांना म्हणाले.

काकांनी व्यापाऱ्याला फोन लावला. ठेवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, आता बैल राहतोच आहे, तर मॅडमला वर कधी बोलवतेस? फक्त आता त्याला तेल लागलंय, ते आधी धुवायला हवं.