लिव्हर मध्येच होता

सोपान गेल्याचा फोन दुकानात आला, तेव्हा माझे दोन्ही हात ग्रीसनं माखलेले होते. फोन त्याच्या बायकोचा, रमाबाईंचा होता. शेळगावच्या एसटीडी बूथवरून बोलत होत्या. "तात्या, आमचं हे गेलं." मग म्हणाल्या, "तुमाला आवर्जून कळवायला सांगितलं हुतं त्येंनी..." मी रिसिव्हर खाली ठेवला. त्यावर माझ्या बोटांचे काळे ठसे उमटले होते. या गोष्टीला आता दोन महिने होत आले. आठ वर्षं कोऱ्हाळ्यापासून शेळगावपर्यंत लोक म्हणत आले की सोपान ड्रायव्हरनं दारूच्या नशेत माणूस चिरडला. हा लेख त्या लोकांसाठी आहे. सोपान दारूला शिवत नव्हता. आणि माणूस त्यानं चिरडला नाही.

मी बारामतीच्या एमआयडीसीजवळ ट्रॅक्टर दुरुस्त करतो. कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका बागायतदारानं बाहेरदेशीचा जुना ट्रॅक्टर आणला होता, पुढे लोडर बसवलेला. साखर कारखान्यातली खताची मळी ट्रॉल्यांत भरायला. त्याला हायड्रॉलिक शटल होतं. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एक छोटा लिव्हर... पुढे लोटला की ट्रॅक्टर पुढे, मागे ओढला की मागे, मध्ये ठेवला की जागेवर उभा. क्लचचं पेडल दाबायला नको, आतले क्लच तेलाच्या दाबावर धरतात आणि सोडतात. असलं यंत्र आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचा सोपान मात्र आठवड्यात त्यावर असा बसला, की मागच्या चाकानं नारळ नुसता शिवून दाखवायचा. मी म्हणायचो, "सोपान, बायकोचं तरी एवढं ऐकतोस का रे?" तो हसायचा. "तिला न्यूट्रल न्हाय तात्या, काय करू!" त्याची एक सवय होती. यंत्र थांबवलं की डावा तळहात लिव्हरवर ठेवायचा आणि स्वतःलाच ऐकू जाईल असं म्हणायचा, "मधी."

अपघाताच्या दिवशी शटल झटके देतं म्हणून मला बोलावलं होतं. लिव्हरपासून खाली वाल्वपर्यंत एक रॉड जातो. लिव्हर बरोबर मध्ये असताना वाल्वही बरोबर मध्ये असला पाहिजे, म्हणून रॉडची लांबी आटे फिरवून जुळवतात. ती जुळली की जोडाची पिन बोटानं सरकते. अडली म्हणजे वाल्व मध्ये नाही, लिव्हर मध्ये असूनही यंत्र सरकू शकतं; मग आटे पुन्हा फिरवायचे, आणि तेल तापल्यावर परत तपासायचं. मला हे सगळं ठाऊक होतं. पण ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या, बागायतदार डोक्यावर उभा राहून शिव्या घालत होता. पिन अडली. मी हातोडी घेतली आणि दोन घावांत ती आत घातली. सोपान वाकून बघत होता. "तात्या, ठोकू नगा. हातानं गेली पायजे ती." मी खेकसलो, "मिस्त्री कोण हाय? तू का मी?"

तासाभरानं तेल तापलं. सोपाननं भरलेली ट्रॉली मागे जोडायला घेतली, यंत्र थांबवलं, तळहात ठेवला. "मधी." तुकाराम नावाचा चाळिशीतला गडी ट्रॉलीची पिन लावायला ट्रॅक्टरच्या मागे शिरला. लोडरची बकेट उचलायची म्हणून सोपाननं जरा रेस वाढवली, आणि ट्रॅक्टरनं मागे उडी मारली. हातभरच. ब्रेक लागला, इंजिन बंद पडलं, पण लोखंड लोखंडावर आदळलं तेव्हा मध्ये तुकारामची छाती होती. त्याच्या तोंडातून रक्ताचा फवारा ट्रॉलीच्या फाळक्याच्या पत्र्यावर उडाला. सोपान किंचाळत खाली उतरला. मी वर चढलो, ट्रॅक्टर पुढे घ्यायला. लिव्हर बघितला. मध्ये होता.

ट्रॅक्टर पुढे सरकला तसा तुकाराम खाली कोसळला. तो मेलेला होता. बागायतदारानं खालून ओरडून विचारलं, "मिस्त्री, लिवर कुठं हुता?" सगळे माझ्याकडे बघत होते. त्या ठोकलेल्या पिनेखेरीज मला काही सुचेना. मी म्हणालो, "रिव्हर्सला."

सोपान म्हणाला, "तात्या?"

मी खाली उतरलो आणि त्याच्या थोबाडीत मारली. पहिला हात माझा होता, हे लिहिल्याशिवाय मला मरता येणार नाही. मग गर्दी तुटून पडली. जॅकचा दांडा, दगड, पायातले बूट. कुणीतरी त्याचं आडनाव मोठ्यानं उच्चारलं, आणि त्यानंतरचे घाव वेगळेच होते. दोघांनी त्याचा डावा हात फाळक्यावर धरला. "ह्योच हात न्हवं का रं लिवरवर?" तिसऱ्या घावाला हाड बाहेर आलं. सोपान "मधी हुता" एवढंच म्हणत राहिला... शुद्ध जाईपर्यंत. दारूचं लोकांनी मागून जोडलं. पुढे कोर्टातही मी तेच सांगितलं, रिव्हर्सला. तो तुरुंगात जाऊन आला. आटे जुळवून ती ठोकलेली पिन मी पहिल्याच आठवड्यात गुपचूप बदलून टाकली होती.

गेल्या उन्हाळ्यात तो फार आजारी असल्याचं कळलं म्हणून शेळगावला गेलो. खाटेवर पडून होता, वाकडा हात छातीवर. "तात्या, यक इचारू? लिवर मधीच हुता न्हवं? आता माझंच मला खरं वाटंना. डोळं मिटलं की कवा मधी दिसतो, कवा मागं. तुमी वर चढला हुता. नुसतं व्हय म्हना, दुसरं काय नगं." एका शब्दाचं काम होतं. रमाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, "लई वर्षं झाली रं. आता आठवत न्हाय." त्यानं मान भिंतीकडे वळवली. मग म्हणाला, "बरं. च्या घ्या, निवतोय."

फोननंतर दहा दिवसांनी मी पुन्हा शेळगावला गेलो आणि रमाबाईंना सगळं सांगितलं. पिन, लिव्हर, थोबाडीत. त्यांनी हातातला पाण्याचा तांब्या माझ्या तोंडावर फेकून मारला. भुवई फुटली. "त्येंनी इचारलं तवा दातखिळी बसली हुती व्हय तुमची? आता मला कशाला सांगताय?" मी उठलो नाही. मग त्यांनी खाटेकडे बोट केलं. खाटेच्या डाव्या बाजूला, पडल्यापडल्या हात पुरेल एवढ्या उंचीवर भिंतीचा चुना गेला होता, तळहाताएवढी जागा तेलकट काळी झाली होती. "हितं हात ठिवायचं रोज झोपताना," त्या म्हणाल्या. "त्येच्याबिगर डोळा लागायचा न्हाय. ठिवा तुमी बी. आन म्हना."

मी त्या डागावर तळहात ठेवला. रक्त डोळ्यात उतरत होतं. म्हणालो, "मधी हुता, सोपान. मधीच हुता."

"मोठ्यानं," रमाबाई म्हणाल्या.