वासुदेवचा बुधवार

वासुदेव रामटेकेला कधी भेटायचं असं विचारलं, की तो वेळ सांगत नसे. तो वार कोणाचा आहे ते सांगे. “सोमवार कॅम्पचा हाय, मले मागू नको. बुधवारी ये, बुधवार आपल्या व्हॉलीबॉलचा.” भिलाईत तेव्हा कारखाना अजून उभा राहत होता, आणि आम्ही दोघं रायपूरला अर्थशास्त्रात एम.ए. करत होतो. मी दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमधून जायचो. वडील गार्ड होते. तो भिलाईतल्या कॅम्प-१ या कामगार वस्तीतून. त्याचे वडील कारखान्यात कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्ट्यांवर, कामाला होते.

मंगळवार, गुरुवार, शुक्रवार कॉलेज. बुधवारी आणि शनिवारी मैदान. रविवारी सकाळी विहारात वंदना, आणि तिथंच तो बायकांचा लिहाय-वाचायचा वर्ग घ्यायचा. सोमवारी तो कॉलेज बुडवून कॅम्पातल्या लोकांचे अर्ज लिहायचा, त्यांना घेऊन हापिसांच्या चकरा मारायचा. “तू झोपतो कधी?” मी एकदा विचारलं. “गाडीत,” तो म्हणाला. खरंच, पॅसेंजरच्या दारापाशी उभ्याउभ्या तो झोपायचा.

त्याची माय मला बसवून भाकर-झुणका वाढायची. आमच्याकडे मात्र त्याचा कप वेगळा होता, बाहेरच्या कोनाड्यात. तो चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवायचा. त्यावर तो कधी बोलला नाही, आणि मीही नाही.

एम.ए.चे पेपर झाले. राहिली फक्त तोंडी परीक्षा. माझी आटोपली होती, त्याची शुक्रवारी होती. सोमवारी आमच्या सरांनी मला थांबवलं. “बाहेरचे परीक्षक लवकर परत जाताहेत. रामटेकेची तोंडी बुधवारी दुपारी घेऊ. आजच सांग त्याला.”

बुधवारी दुपारी आमची फायनल होती. कारखान्याचे एक साहेब मॅच बघून खेळाडू नोकरीला घेणार होते. मी कॅप्टन होतो, पण टीम वासुदेवच्या हातावर चालायची, हे मला पक्कं ठाऊक होतं. तो नसेल तर आम्ही हरणार आणि मला कोणी विचारणार नाही.

सोमवारी संध्याकाळी मी कॅम्पात गेलो. तो ओट्यावर बसून अर्ज लिहीत होता. “कावून आला आज?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “बुधवारचं सांगायला आलो. दोनला मैदानात ये.” एवढं बोलून मी निघालो.

बुधवारी तो असा खेळला, की समोरच्या टीमचे लोकही टाळ्या वाजवत होते. आम्ही जिंकलो. साहेबांनी आधी त्यालाच बोलावलं. तो हसून म्हणाला, “साहब, मुझे तो कॉलेज में पढ़ाना है. परसों इम्तिहान है मेरा. इसको रख लीजिए.” आणि त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढं केलं. घड्याळात साडेचार झाले होते. मी साहेबांना नमस्कार केला.

गुरुवारी संध्याकाळी कॉलेजातून परतताना तो स्टेशनवरून थेट आमच्याकडे आला. आईनं त्याच कपात चहा दिला. त्यानं तो सावकाश संपवला, कप विसळला, कोनाड्यात ठेवला, मग माझ्याजवळ आला.

“सरचा निरोप तुले सोमवारीच भेटला होता?”

“हो.”

“तू विसरला असशील.”

हो म्हटलं असतं तर त्यानं मानलं असतं. त्याला तेच ऐकायचं होतं. मी म्हणालो, “नाही विसरलो.”

तो रुळांकडे बघत म्हणाला, “मी तं तुह्यासाठी बुधवारची तोंडी तशीच सोडून देल्ली असती. इचारून पाहाचं होतं.” आईला “येतो काकू” म्हणून तो गेला.

त्याचं वर्ष गेलं, शिष्यवृत्ती थांबली. वडिलांच्या छातीच्या दुखण्यानं जोर केला आणि त्यांचं काम सुटलं. वासुदेव मरोद्याला एका ठेकेदाराकडे मजुरांची हजेरी घेऊ लागला. मैदानावर तो पुन्हा आला नाही. कॅम्पचा सोमवार आणि बायकांचा रविवार मात्र त्यानं सोडला नाही. मी कारखान्यात बाबू झालो. बाजारात दिसला तर “बरा हायेस ना?” एवढं विचारून पुढं जायचा.

दोन वर्षांनी काविळीनं तो गेला.

पुण्यानुमोदनाला, विहारातल्या त्याच्या शोकसभेला, मी मागं उभा होतो. त्याच्या मायनं मला हाताला धरून पुढं आणलं, सगळ्यांना सांगितलं, “हा वासुदेवचा दोस्त. संगं शिकले, संगं खेळले. यालेच बोलू द्या.”

मी बोललो. त्याचे वार सांगितले, अर्ज सांगितले, बुधवारचा तो खेळ सांगितला. नोकरीला नाही म्हणाला तेही सांगितलं. त्याच्या वर्गातल्या बाया पदर डोळ्यांना लावून रडत होत्या.

निघताना माय दारापर्यंत आली. तिचे डोळे कोरडे होते.

“त्यानं मले सगळं सांगलं होतं, बाबू,” ती म्हणाली. “सोमवारचंही. तरी मी तुमाले उभं केलं. म्हटलं, आज तरी तोंडातून निंगते का पाहू.”

मी वहाणा शोधत राहिलो. तिनंच त्या पायानं माझ्याकडे सरकवल्या.