बाळ झोपलेलं नव्हतं

"आडनाव सांग," आजी म्हणाली.

मी सांगितलं. तिनं माझ्या मांडीवरचा सात महिन्यांचा नातू उचलला आणि सुनेकडे दिला. "अंग पुसून घे त्याचं."

कारंजा शहरापुढच्या एका गावातलं घर. तान्ह्या बाळांच्या वाढीवर आमचं संशोधन चालायचं, मी तपासणी करणारी. त्याआधी मनोरुग्णांच्या वॉर्डात आणि अपंग मुलांच्या शाळेत मिळून अकरा वर्षं काढलेली. तिथं लोक मला चावले, अंगावर थुंकले. आडनाव कुणी विचारलं नाही. ती माणसं आजारी होती.

"काऊन उचललं, आजी?"

"तुमच्यात दुसरी बाई नाई का? तिले पाठवजो."

सून मान खाली घालून ओल्या फडक्यानं बाळाला पुसत होती. मी होते तिथूनच, त्याच्या पाठीमागून, खुळखुळा वाजवला. डावीकडून. उजवीकडून. सून वळली, आजी वळली. बाळ टक्क जागं, पण त्याची मान हलली नाही.

"ह्याला ऐकू येतं का?"

"शाप देऊन राह्यली का?" आजीनं दार दाखवलं.

बाहेर गाडीत प्रकल्पाचे प्रमुख, आमचे सर, बसले होते. समानुभूतीवर ते दोन तास बोलतात. फार सुंदर बोलतात. माझं ऐकून त्यांनी आधी काच वर केली.

"फॉर्ममध्ये तपासणी न झाल्याच्या कारणाच्या रकान्यात लिही, बाळ झोपलेलं होतं. गावातली घरं बाकी आहेत अजून. पुढच्या फेरीत दुसरीला पाठवू."

पुढची फेरी सहा महिन्यांनी.

"आणि त्याचे कान?"

"तपासणी झालीच नाही, तर निरीक्षण कसलं?"

याआधी अशाच चार घरांबाबत मी तेच लिहिलं होतं. जागी असलेली चार बाळं मी माझ्या सहीनं झोपवली होती. त्यांच्यात काय राहून गेलं, मला ठाऊक नाही.

या वेळी लिहिलं : 'बाळ जागं होतं. माझ्या जातीमुळे हात लावू दिला नाही. दोन्ही बाजूंच्या आवाजाला प्रतिसाद नाही. कान तातडीनं तपासावेत.' तेच एका चिठ्ठीवर उतरवून गावच्या आशाताईला दिलं. म्हटलं, सुनेच्या हाती दे.

सरांनी फॉर्म परत पाठवला. "भाषा सुधार." मी सुधारली नाही. मग मला गावं बंद झाली. त्या बाळाचं पुढं काय झालं, ते मला कळू दिलं नाही.

आता मी कार्यालयात बसून इतरांचे फॉर्म तपासते. झोपलेलं बाळ दिसलं की तो फॉर्म भरणाऱ्या मुलीला बोलावून विचारते, घरात काय झालं. ती सांगते ते तिच्यादेखत रकान्यात लिहिते, खाली माझं पूर्ण नाव. ज्याला ते खोडायचं असेल, त्यानं स्वतःच्या सहीनं खोडावं.