शेवटच्या घराचा नळ

तमाम लेआउटवासीयांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या ओळीतील बावीस घरांपैकी एकाही घरात टिल्लू पंप नाही, पूर्वी कधीही नव्हता, आणि नळाच्या वेळी काही घरांतून जो घूंऽऽ असा आवाज ऐकू येतो, तो भ्रामरी प्राणायामाचा आहे. कोणीही गैरसमज करून घेऊ नये.

हा मजकूर माझा. यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी तो लेआउटच्या ग्रुपवर टाकला आणि एकवीस घरं पोट धरून हसली. गणपतीच्या मांडवात वर्षानुवर्षं माइक धरून माझा आवाज असा काही तयार झाला आहे की नुसतं 'नळ आले' सांगायचं असलं तरी मी राज्याभिषेकाची वर्दी दिल्यासारखं सांगतो. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाच्या गाडीला कुत्रं आडवं गेलं, कोणाचे व्याही चार दिवसांसाठी येऊन महिनाभर राहिले, सगळ्या बातम्या माझ्याकडून जातात. कोणी मला नेमलेलं नाही. लोकांनी मला फक्त थांबवलेलं नाही.

ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांच्यासाठी टिल्लूचा खुलासा करतो. टिल्लू म्हणजे नारळाएवढी मोटर. ती नळाला जोडली की पाइपातलं पाणी ओढून घेते. ती लावायला मनाई आहे, म्हणून ती प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात समोरच मांडलेली असते. आमचं लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वस्ती, वर्ध्याच्या कडेला, नालवाडीच्या अंगाला. नळ तिसऱ्या दिवशी सकाळी येतो आणि पाऊण तासात जातो. आधी एकाने टिल्लू लावला. मग त्याच्या शेजारच्या नळाला हवा येऊ लागली, म्हणून शेजाऱ्याने लावला. असं करत करत ही साथ ओळीच्या टोकापर्यंत गेली आणि शेवटच्या घरापाशी थांबली.

त्या घरात सिस्टरबाई राहायच्या. जाम गावाकडच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढून निवृत्त झालेल्या, एकट्या. लेक नागपूरला. ओळीतलं एक घर दाखवा जिथे त्यांनी इंजेक्शन दिलं नाही. माझे वडील शेवटचे पाच महिने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा पाठीच्या जखमा धुवायला त्या दोन्ही वेळ यायच्या आणि बिनसाखरेच्या चहाखेरीज आमच्या घरचं काही घ्यायच्या नाहीत. मी एकदा त्यांना टिल्लू बसवून देतो म्हणालो. त्या म्हणाल्या, नळ सोडला की येईल तेवढं पाणी आपलं, ओढून आणलेलं दुसऱ्याचं. मी ते वाक्य घरी नक्कल करून सांगितलं. नक्कल छान झाली होती.

त्यांच्या नळाला मात्र करंगळीएवढी धार यायची, नंतर तीही नाही. मग त्या बुद्धविहाराजवळच्या बोरिंगवरून कॅन भरून आणायच्या. गुडघे दोन्ही गेलेले. दहा पावलांवर कॅन टेकवायची, पदराने मान पुसायची, पुन्हा उचलायची. आम्ही गच्चीवरून पाहायचो. कधी कोणी उतरून कॅन नेऊन द्यायचं आणि मग आठवडाभर ते सांगत फिरायचं. लेक सारखी म्हणायची, घर विक आणि ये. मार्चमध्ये एक गिऱ्हाईकही घर पाहून गेलं.

लेआउटच्या मोकळ्या जागेत, ओपन प्लेसवर, सभा भरली ती त्यामुळेच. सिस्टरबाई उभ्या राहून म्हणाल्या की हा उन्हाळा निघाला तर मी इथेच मरायला तयार आहे, नाही तर गिऱ्हाइकाला होकार कळवते. त्यांचा आवाज अगदी साधा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं की मला शब्द सुचतात. मी तिथल्या तिथे शपथ रचली. उजवा हात पुढे करून एकवीस घरांनी माझ्यामागे म्हटलं की आम्ही आमच्या नळास कोणतेही यंत्र लावणार नाही. शेवटी टाळ्या झाल्या. शपथ उत्तम होती. मीही घेतली.

पुढच्या नळाच्या दिवशी मी तोटी सोडून बसलो. धार पातळ. कान दिला तर उजवीकडच्या घरातून घूंऽऽ, डावीकडून घूंऽऽ. बायको दारात येऊन म्हणाली, कूलरमध्ये काय तुमची शपथ भरू? मी टिल्लू जोडला आणि आवाज दबावा म्हणून त्यावर जुनी गादी टाकली. इतरांनी गोणपाटाचे बोरे टाकले होते. पलीकडच्या भाऊजींनी तर पंपाच्या बाजूला रेडिओवर भजनं लावली होती. संध्याकाळी सगळे चौकात भेटलो आणि लोकांमध्ये नीतिमत्ता कशी उरली नाही यावर बराच वेळ बोललो.

एप्रिलमध्ये खबर लागली की तपासणीचं पथक येणार आहे आणि ज्याच्याकडे टिल्लू सापडेल त्याचा नळ तोडणार आहे. मी ग्रुपवर घोषणा केली: उद्या सकाळी मुलीकडचे पाहायला येत आहेत, सर्वांनी आपापली बाळं झाकून ठेवावीत. सगळ्यांना बरोबर कळलं. कोणाचा टिल्लू दिवाणात गेला, कोणाचा पिठाच्या कोठीत. आमचा देवघराखालच्या कप्प्यात. सिस्टरबाईंना वाटलं असेल, कोणाच्या तरी घरी खरंच लग्नाचं चाललंय.

पथक आलंच नाही. पाणी मात्र आलं, आणि कोणी ओढत नव्हतं म्हणून ते आपल्या चालीने ओळीच्या टोकापर्यंत गेलं. सिस्टरबाईंच्या नळाला मनगटाएवढी धार लागली. त्यांनी तिन्ही निळे ड्रम भरले, पितळी गुंड भरले, पातेली भरली, तुळशीला घातलं, आणि मग अंगण धुतलं. पाणी रस्त्यावर आलं तेव्हा आम्ही सगळे आपापल्या फाटकाशी उभे राहून ते पाहत होतो.

दुपारी बेचाळीस डिग्रीच्या उन्हात त्या डबा घेऊन निघाल्या. गुळाची बोंडं तळली होती. प्रत्येक दारी दोन-दोन. माझ्याकडे सगळ्यात शेवटी आल्या आणि चार दिली, कारण शपथ माझी होती.

"भाऊ, लोकाईनं शब्द पाळला," त्या म्हणाल्या. "मले तुमच्यावर भरोसा नोता, खोटं काऊन बोलू?"

आणि आमच्या ओट्यावर बसूनच त्यांनी लेकीला फोन लावला. गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग, मी कुठे येत नाही, इथली माणसं चांगली आहेत. मी शेजारी उभा होतो. त्या वेळी खरं सांगता आलं असतं. माझ्या तोंडात बोंड होतं.

तिसऱ्या दिवशी नळ आला आणि देवघराखालून टिल्लू निघाला. चार बोंडांची आठवण माझ्या मनात नव्हती असं नाही, पण कूलरही कोरडा होता. पाण्याची वेळ निम्मी उलटली असेल, तेवढ्यात फाटक वाजलं. सिस्टरबाई. कुठे पाइप फुटला का, हे विचारत त्या घरोघर आल्या होत्या. मी अंगणातच त्यांना अडवलं आणि पाइप फुटण्याच्या नाना कारणांवर बोलू लागलो. मुळं, जड गाड्या, निकृष्ट माल. त्या ऐकत होत्या, पण माझं नव्हे. माझ्या मागे न्हाणीघरात गादीखाली तो घूंऽऽ करत होता.

"कूलर चालू हाये का, भाऊ?" त्यांनी विचारलं.

आजही मला वाटतं, ती मला दिलेली वाट होती. मी ती घेतली.

"हो, कूलरच," मी म्हणालो.

आमचा कूलर त्या वेळी अंगणातच, त्यांच्या उजव्या हाताशी, वाळ्याच्या ताट्या काढून उभा होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "बरं," म्हणाल्या आणि पुढच्या घरी न जाता सरळ परत गेल्या. त्या संध्याकाळी लेकीला पुन्हा फोन गेला असावा, कारण आठवड्याच्या आत ते गिऱ्हाईक टेप घेऊन खोल्या मोजायला आलं.

निरोप समारंभ मी ठरवला. शाल, नारळ, माइक, सगळं. सिस्टरबाईंनी नको म्हणून पाहिलं, पण सामानाची गाडी यायला वेळ होता आणि त्यांच्या खुर्च्या आधीच बांधून झाल्या होत्या, म्हणून त्या आमच्या खुर्चीवर बसल्या. मी सेवेवर बोललो, त्यागावर बोललो. माझ्या वडिलांच्या जखमांपाशी आलो तेव्हा आवाज खरोखर फुटला. बायका डोळे पुसत होत्या. सिस्टरबाई मांडीवरच्या नारळाची शेंडी सारखी करत बसल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

तेवढ्यात घराचा नवा मालक स्कूटरवर आला आणि समारंभ चाललाय हे पाहून अदबीने कडेला उभा राहिला. स्कूटरच्या पायापाशी एक नवंकोरं खोकं होतं. खोक्यावर चित्र होतं. मी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची सूचना केली. ती एरवी मेलेल्यांसाठी असते हे माझ्या ध्यानात आलं नाही, पण सगळे उभे राहिले. सिस्टरबाईही राहिल्या. त्या शांततेत शेवटून दुसऱ्या घरच्या काकूंची नजर खोक्यावरच्या चित्रावर पडली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"अवो, तुमची मोटर आमच्यापेक्षा मोठी दिसून राह्यली, मंग आमच्या घरी पाणी कसं येईन?"