डावा गाल

माझी मुलगी स्वतःचेच फोटो काढते. पूर्वी कुणी विचारलं तर मी हसून सांगायचो, "गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून बिचारी स्वतःलाच बसवते!" ती ऐकायची आणि लेन्स पुसत राहायची. किती वाह्यात विनोद होता तो! पण तेव्हा मला माझ्या विनोदांचं भारी कौतुक.

आमचा स्टुडिओ म्हणजे एक गाळा. पांढरा पडदा, फिरतं स्टूल, आरशाशेजारी कंगवा आणि खुंटीवर एक काळा कोट. ओळखपत्राच्या फोटोसाठी येणारा जो तो तोच कोट अंगात चढवतो. दिवसभर मुलगी लोकांना "हनुवटी जरा खाली" म्हणायची आणि दुपारी शटर अर्धं ओढलं की स्वतः स्टुलावर बसायची. कधी तो कोट घालून, कधी आईचा स्वेटर, कधी शाळेचा उसवलेला गणवेश. हसणं नाही, नटणं नाही, नुसतं सरळ बघायचं. तिच्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत जांभळट जन्मखूण आहे. दिवा नेमका त्याच बाजूला लावायची.

"अगं, उजवीकडून उजेड घे की," मी म्हणायचो.

"असू दे, बाबा."

दोन वर्षं हे असंच चाललं. मग एका कलादालनाने तिचे बारा फोटो निवडले. आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन! निवड करणाऱ्या बाईंनी स्वतः फोन केला, पोरीला आभाळ ठेंगणं झालं. भिंतीची मापं घ्यायला, दिवे लावायला ती दोन दिवस आधीच गेली. मोठ्या प्रिंटचं काम माझ्यावर सोपवलं. जाताना म्हणाली, "आहेत तसेच छापा हं, बाबा."

रंग बघायला मी पहिला फोटो कॉम्प्युटरवर उघडला. तीस वर्षांची सवय हो! मुरूम, व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं. समोर चेहरा आला की माझा हात आपसूक चालतो, गिऱ्हाइकाला सांगावंही लागत नाही. पहिला गाल साफ झाला तेव्हा मी थांबलो होतो, खोटं कशाला बोलू? मला कळत होतं. पण मनात आलं, एवढी माणसं बघायला येणार, कुणी पोरीला नावं ठेवायला नकोत. मग उरलेले अकराही केले. अगदी जीव ओतून केले.

फ्रेमवाल्याने उशीर केला. मी पार्सल घेऊन पोचलो तेव्हा उद्घाटनाला जेमतेम दोन तास उरले होते. मुलीने वरचा कागद फाडला. बाई फोटोकडे बघत राहिल्या, मग मुलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या कोण?"

मुलीने एकेक फ्रेम उघडून भिंतीकडे तोंड करून ठेवली. नव्या प्रिंट काढायला दिवस लागला असता. त्या संध्याकाळी तिची भिंत रिकामी राहिली, आणि लोक त्या भिंतीपुढे उभे राहून गप्पा मारत होते.

"मला वाटलं, बरं दिसेल," मी कसंबसं म्हणालो.

"कुणाला, बाबा?"

इतकंच. भांडली असती तर बरं झालं असतं. मीही तोंड सोडलं असतं, चार दिवस अबोला धरला असता आणि प्रकरण मिटलं असतं. ती भांडली नाही. महिन्याभरात दुसऱ्या शहरात नोकरी धरून निघून गेली. फोन येतो, नाही असं नाही.

परवाही आला. तिला पुन्हा एका प्रदर्शनात जागा मिळाली आहे. म्हणाली, "लहानपणापासूनचे चेहरे ओळीने लावायचेत. माझा जुना एखादा फोटो पाठवाल? खूण दिसणारा."

मी तीन दिवस कपाटं उपसली. बारशापासून कॉलेजपर्यंतचे सगळे अल्बम, सगळ्या डिस्क. पोरगी कुठे उजवा गाल पुढे करून बसलेली, कारण मीच मान वळवायला लावलेली. जिथे समोर बघते, तिथे गाल स्वच्छ. साऱ्या गावाचे चेहरे काढले मी, आणि पोटच्या पोरीचा खरा एकही नाही. कपाळाला हात लावून तिथेच फरशीवर बसलो.

शेवटी फोन केला. "एकही नाही गं."

"मला वाटलं होतं, एखादा तरी असेल," ती म्हणाली. मग विचारलं, "जेवलात का?"

मी हो म्हणालो.